मधलं बोलणं

"जागा वाचवाले कापलं असन वं. त्या मोबाईलवाल्यायले काय समजते गाण्यातलं?"

लसूण सोलता सोलता वहिनी म्हणाली. कोणा एकीला उद्देशून ती बोलली नव्हती, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. माझा म्युझिक प्लेअर माझ्या मांडीवर होता. त्याची वायर एका छोट्या स्पीकरला जोडली होती आणि स्पीकर उपड्या घमेल्यावर ठेवला होता. त्याने आवाज मोठा होतो, असं कोणीतरी म्हणालं होतं. केशोरीच्या घराच्या मागच्या पडवीत सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या. स्पीकरमधून हळदीचं गाणं चाललं होतं आणि त्या सगळ्या तोंडं अर्धवट उघडून थांबल्या होत्या. पुढची ओळ काय, हे कोणालाच उमगत नव्हतं.

त्या मोबाईलवाल्याने या गाण्यांना हातही लावला नव्हता. हे तिथे फक्त मला माहीत होतं.

वहिनी म्हणजे मोठीआईची थोरली सून, आणि मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. ते सगळे केशोरीला, धानाच्या शेतीवर. आम्ही गोंदियाला लागून मुर्रीत राहायचो, बाबांच्या नोकरीमुळे. मी शाळेत इंग्रजी बोलायचे, बाजारात हिंदी, घरी मराठी, आणि केशोरीला गेलं की चौफेर पवारी आणि झाडीबोली ऐकू यायची. मला ती सगळी समजायची. बोलायची वेळ आली की मी हसून मान हलवायचे. पाच भाषा येत असल्या तर पाचही भाषांत गप्प बसता येतं, हे मला फार लवकर कळलं होतं.

त्या घरच्या लग्नात गाणी म्हणायला पुढे बसायची ती मोठीआई. मला समजायला लागलं तेव्हापासून तिच्या जागी दुसरी कोणी बसलेली मी पाहिली नव्हती. हळदीचं गाणं तसं लहानसंच असतं. चाल एक, ओळही जवळजवळ एकच. बदलतं ते नातं. मामी को हातमा हरद की वाटी. मग आत्याच्या हातात, मग मावशीच्या. जिचं नाव निघेल तिने उठून यायचं आणि नवरदेवाला हळद लावायची. कोणाचं नाव कधी घ्यायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं. पुढे बसलेली बाई मांडवभर नजर फिरवते. कोण आलंय, कोण रुसून बसलंय, कोण अजून चुलीपाशीच आहे, हे पाहते. आणि एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या आत, बाकीच्या श्वास घेतात तेवढ्या वेळात, पुढची ओळ नुसती बोलून टाकते. मग ती सगळ्या मिळून गातात.

मोठीआई नुसती ओळ सांगून थांबायची नाही. "आता मामीचं घ्या! अवं, सूर खाली ठेवा, अजून लय जणी बाकी हायेत. मामी कुठी गेली? चहा पिऊन राहिली काय? बोलवा तिले." हे सगळं एका दमात, आणि लगेच गाणं सुरू. लहानपणी मला वाटायचं की मोठीआईला गाण्याच्या मध्ये बोलायची खोडच आहे.

आदल्या मे महिन्यात ताईचं, म्हणजे मोठीआईच्या मुलीचं लग्न झालं. मोठीआईचा धाकटा मुलगा, म्हणजे दादा, तेव्हा नागपूरला नोकरीला होता. त्याने मित्राकडून एक चांगला रेकॉर्डर आणला आणि मांडवाच्या बांबूला बांधून ठेवला. लग्नानंतर त्याने मला पेनड्राइव्ह दिला. "फ्लॅक फायली आहेत," तो म्हणाला. "यात काहीच हरवत नाही, जसंच्या तसं राहतं." त्या घरात हे वाक्य ज्या एका माणसाला सांगण्यात अर्थ होता, ते माणूस मी होते. मी मान हलवली. अकरा गाणी होती. मी ती माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पेनड्राइव्ह रिकामा करून त्यात ताईच्या लग्नाचे फोटो भरून परत पाठवला.

पावसाळा संपता संपता मोठीआईच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसं झालं. तिचा जीव वाचला, आवाज गेला. चुलीत फुंकर घालताना येतो तेवढाच आवाज उरला. बांधावरच्या माणसाला घरातून हाक मारणारी बाई आता सुनेला बोलवायला टाळी वाजवायची. काही सांगायचं असलं की हात धरून जवळ ओढायची आणि कानात सांगायची. चार माणसांत ती तेही करायची नाही.

मग दादाचं लग्न ठरलं. घरात कोणीतरी म्हणालं, आता गाण्यांचं काय, डीजे लावून टाकू. त्या संध्याकाळी दादाचा मला फोन आला. "आई म्हणते, डीजे नको. ती गाणी लावून बायकांना बसवते म्हणते, शिकतील. तू तुझ्या प्लेअरवर घालून आण. पण बघ हं, क्वालिटी जायला नको."

हे काम माझ्यासारखीला मिळालेलं बरंच होतं. त्यात कोणाशी बोलावं लागत नव्हतं.

माझ्या प्लेअरवर फ्लॅक चालत नव्हतं. मी गोंदियाच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात स्पीकरची वायर घ्यायला गेले, तेव्हा सहज विचारून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एमपीथ्री कर देता हूँ ना, दो मिनट का काम है. कान को थोडी ना पता चलता है." मी नको म्हटलं नाही. वायर घेतली आणि निघून आले. माझा नकार असाच असायचा.

एमपीथ्री आणि फ्लॅकसारखं लॉसलेस यांतला फरक गोंदियात वाढलेल्या माणसाला कळायला जड नाही. गिरणीत तांदळाला पॉलिश करतात तसं एमपीथ्रीत होतं. वरचा कोंडा निघून जातो, दाणा पांढरा आणि गुळगुळीत दिसतो, खाणाऱ्याला बहुतेक कळत नाही. पण निघालेला कोंडा परत चिकटवता येत नाही. लॉसलेस म्हणजे तेच धान पोत्यात दाबून भरणं. पोतं सोडलं की दाणान् दाणा तोच. माझ्या प्लेअरला दुसऱ्या एका प्रकारचं लॉसलेस चालत होतं. म्हणजे धान तेच ठेवून नुसतं पोतं बदलायचं होतं.

इंटरनेटचं डोंगल लावून मी दोन दिवस वाचत बसले. कुठला प्रोग्राम घ्यायचा, आवाज आपोआप सारखा करणारा पर्याय कुठे बंद करायचा, एकदा एमपीथ्री केलेली फाइल पुन्हा लॉसलेस केली तर नुसता आकार का वाढतो. एकदा अर्ध्यात वीज गेली आणि आठवं गाणं तुटकं निघालं. ते मी पुसून पुन्हा केलं. शेवटी दोन्ही फायली उलगडून आकड्याला आकडा ताडून बघणारा एक प्रोग्राम मिळाला. अकराही गाण्यांपुढे त्याने एकच उत्तर दिलं: फरक नाही. मला आठवतं, मी खुर्चीत मागे टेकून एकटीच हसले होते.

पण हे सगळं करण्याच्या आधी मी आणखी एक गोष्ट केली होती.

फायली बदलण्याआधी एकदा नीट ऐकून घ्याव्यात म्हणून मी हेडफोन लावला. पहिल्याच गाण्यात, तिसऱ्या मिनिटाला, मोठीआईने मला हाक मारली. ताईच्या हळदीत मी मागच्या रांगेत बसले होते. सगळ्या गात होत्या आणि मी गात नव्हते. ते तिला तेवढ्या गर्दीतही दिसलं. मधल्या श्वासात तिने माझ्या गप्प बसण्यावरून एक टोमणा मारला आणि पुढची ओळ मला म्हणायला सांगितली. सगळ्या बायका हसल्या. ते हसणं रेकॉर्डरने इतकं स्वच्छ टिपलं होतं की कोणाचं हसणं कोणतं, हे मला ओळखू येत होतं. त्यानंतर थोडी शांतता होती. ती माझ्यासाठी सोडलेली होती. मी तिथे काहीच म्हटलं नव्हतं. मग मोठीआईनेच ओळ उचलली आणि गाणं पुढे गेलं.

ती हाक, ते हसणं आणि ती शांतता मिळून दहा-बारा सेकंद असतील. मी ते कापलं.

कापल्यावर गाणं त्या एका जागी टक्कल पडल्यासारखं दिसायला लागलं. बाकी सगळीकडे मध्ये बोलणं आणि इथेच नाही. मग सारखं दिसावं म्हणून मी त्याच्या पुढचं बोलणं काढलं. मग मागचं. पडद्यावर आवाजाची जी चित्रं दिसतात त्यांत गाणं म्हणजे उंच डोंगर आणि दोन डोंगरांच्या मध्ये बोलण्याचा एक बुटका उंचवटा, असं दिसायचं. ते उंचवटे मी एकेक करून काढत गेले. कडा नेमकी लागावी म्हणून प्रत्येक तुकडा मागे-पुढे करून तीस-चाळीस वेळा ऐकत होते. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. खोकला, चहा, "अवं सरका जराशा", सगळं गेलं. कॅसेटवर किंवा सीडीवर मध्ये कोण बोलतं, असं मी स्वतःला सांगितलं. गाणी एकामागोमाग एक नीट वाहायला लागली आणि मला ती खरोखर सुंदर वाटली. हार्डडिस्क भरत आली होती. ताडून बघणारा प्रोग्राम फरक नाही म्हणाला, तेव्हा मी जुन्या फायली पुसून टाकल्या. रेकॉर्डर केव्हाच मित्राकडे परत गेला होता आणि त्यातलं कार्ड पुसलेलं होतं.

प्रोग्राम खोटं बोलला नव्हता. मी त्याला जे दिलं होतं, ते त्याने जसंच्या तसं परत दिलं होतं.

आणि आता केशोरीच्या पडवीत मोठीआई खांबाला टेकून बसली होती. गळ्याभोवती पातळ रुमाल गुंडाळलेला. पहिलं गाणं सुरू झालं आणि तिचा जुना आवाज स्पीकरमधून बाहेर आला, तेव्हा सगळ्या बायकांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती लाजली. पदराशी चाळा करत खाली बघून हसली. पहिली ओळ संपत आली तसा तिने उजवा हात थोडा वर उचलला. तिला माहीत होतं, इथे आपलं बोलणं येणार. ते आलं नाही. दुसरं कडवं एकदम अंगावर आल्यासारखं सुरू झालं. तिचा हात तसाच वर राहिला. पुढच्या कडव्याला तिने पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

दहा-बारा जणी एकदम गातात तेव्हा शब्द एकमेकींत मिसळतात. चाल ऐकू येते, शब्द कळत नाहीत. ते कळायचे मधल्या बोलण्यातून. तिथेच मोठीआई ओळ सुटी करून सांगायची, तिथेच कोणाचं नाव का घेतलं ते कळायचं. शिकणारीने गाणं तिथूनच उचलायचं असतं, हे मला त्या क्षणी समजलं. घमेल्यावर ठेवलेल्या स्पीकरमधून निर्दोष आवाजात गाणं येत होतं आणि सात-आठ जणी त्याच्यापुढे मुक्या बसल्या होत्या. तेव्हा वहिनी जागा वाचवायचं ते वाक्य बोलली.

मोठीआईने शेजारच्या काकूला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. काकू मोठ्याने म्हणाली, "थे म्हणते, माह्यं बोलणं कुठी गेलं?"

"बघते," मी म्हणाले.

"तू दुकानात नेलं होतं ना वं हे?" वहिनीने विचारलं.

"हो, गेले होते दुकानात." तेवढं खरं होतं.

"मंग? म्या काय म्हणलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी फोनवर दादाशी बोलत होती. मी तिथेच धान पाखडायच्या सुपात मेथी निवडत होते. "तुमी गोंदियावरूनच येऊन राहिले ना? मंग त्या दुकानात जा. चांगला विचारा त्याले. एका बाईचा आवाज गेला, आन् त्यानं होता थोही खाल्ला म्हणा." फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणतं दुकान वं ते? बोर्ड काय हाये?"

मी म्हणाले, आठवत नाही. मेथीची एकच काडी मी बराच वेळ निवडत राहिले.

मोठीआई त्या सकाळी पडवीत आली नाही. आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले, तर तिने प्लेअरकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या कानाकडे. मी इअरफोन तिच्या कानांत घालून दिले, गाणं लावलं आणि समोर जमिनीवर बसले. मला गाणं ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा चेहरा दिसत होता. ओळ चालू असताना ती स्थिर बसायची. ओळ संपली की तिचे ओठ भराभर हलायचे. काय म्हणते ते मला ओठांवरून कळत होतं, कारण ते प्रत्येक वाक्य मी तीस-चाळीस वेळा ऐकलं होतं. "आत्याचं घ्या. सूर खाली." पण मी तिच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच पुढची ओळ सुरू व्हायची, ती दचकायची, गाणं पकडायला धावायची, पुन्हा मागे पडायची. तिसऱ्या गाण्यात तिने प्रयत्न सोडून दिला. इअरफोन काढून, वायर नीट गुंडाळून तिने प्लेअर माझ्या हातात दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. फार मेहनत घेतलीस, असा त्याचा अर्थ होता.

त्या हाताने मला जे झालं, ते वहिनीच्या प्रश्नांनी झालं नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर बायका पुन्हा जमल्या. लग्नाला चार दिवस होते. काकू म्हणाली, एकदा पाहू तरी. एक कडवं त्यांनी रेटून म्हटलं. दोघींनी मामीचं घेतलं, तिघींनी मावशीचं, बाकीच्यांनी नुसता हुंकार भरला. मग सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या.

"अशी हळद लावली तं नवरदेव घोडीवरून पळून जाईन," एकजण म्हणाली.

"मामीनं लावाची का मावशीनं, याच्यातच ती वाळून जाईन."

वहिनी मात्र हसली नाही. "राहू द्या आता," ती म्हणाली. "नाही जमत तं नाही जमत. डीजेवाल्याले फोन करा लागते." दारातून मोठीआई बाहेर येत होती. तिने ते ऐकलं. ती खांबापाशी जाऊन बसली आणि पदराने स्पीकरवरची धूळ पुसायला लागली, जणू तो आता परत द्यायचाच आहे.

"दुकानवाल्याने नाही कापलं," मी म्हणाले.

माझा आवाज इतका लहान होता की काकूने "काय म्हणते पोट्टी?" असं शेजारणीला विचारलं.

"दुकानवाल्याने काही नाही केलं. मोठीआईचं बोलणं मी काढलं. घरी. सगळ्या गाण्यांतलं. आता ते कुठेच नाही."

वहिनीच्या हातातला फोन तसाच राहिला. तिला राग आला होता, पण रागापेक्षा तिला ते समजतच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"कायले?" तिने विचारलं.

मला सांगता आलं असतं की मला वाटलं ती गडबड आहे. सीडीवर कोणी मध्ये बोलत नाही, असंही सांगता आलं असतं. मी ते दोन्ही मनात जुळवून ठेवलं होतं. पण मोठीआई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी आठवू लागल्यासारखं दिसत होतं. मी पहिलं गाणं लावलं. मी सगळ्यात आधी कापलं होतं त्या जागी, जिथे मागच्या पंख्याची घरघर किंचित अडखळते आणि ते माझ्याशिवाय कोणाच्याही लक्षात येत नाही, तिथे अंगठ्याने गाणं थांबवलं. मोठीआईचा उजवा हात वर गेला होता. मी मान वर करून, ती म्हणाली होती तसंच, तिच्याच हेलात म्हणाले:

"अवं मुर्रीवाली, तू काऊन चूप बसून राहिली वं? तोंडात पाणी धरून ठेवलं काय? घे, मामीचं घे!"